पीठ संपेपर्यंत

एप्रिलमधली सकाळ, सातही वाजले नव्हते, आणि कुणीतरी दाराची कडी वाजवत होतं. दूधवाल्याला झापायच्या तयारीनेच मी दार उघडलं, तर समोर झांबरे. काखेत पोळपाट, हातात लाटणं, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि चेहरा तपासणीला आलेल्या साहेबासारखा.

"पापड कधी करताय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं, मग लाटण्याकडे पाहिलं. लाटणं घेऊन बाई दारात आली तर काय करायचं हे आपल्याला ठाऊक असतं. पुरुष आला तर काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी सांगितलं की मी पापड करत नाही, बाजारात बचत गटाच्या बायका बसतात त्यांच्याकडून आणते, चांगले असतात, तुम्हीही तिथूनच घ्या. आणि दार लोटायला लागले.

"मला नकोत," ते म्हणाले. "निर्मलाचं तुमच्याकडे यायचं राहिलंय. ते फेडायला आलोय."

निर्मला त्यांची बायको. तिला जाऊन दोन वर्षं होत आली होती. गेलेल्या बायकोचं नाव घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावणं मलासुद्धा जमेना, आणि दारं लावण्यात माझा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं.

आता आमच्या गल्लीची रीत सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. भुसावळला रेल्वे क्वार्टर्सच्या मागे आमची गल्ली. उन्हाळा लागला की रोज एकीच्या घरी उडदाचे पापड, आणि बाकीच्या सगळ्या आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन तिच्याकडे हजर. जी तुमच्याकडे येऊन लाटेल तिच्याकडे तुम्ही जाऊन लाटायचं. याला बैठक म्हणायचं. बैठकीच्या बदल्यात बैठक, बाकी देणंघेणं नाही, आभार तर नाहीतच.

निर्मलाताईंच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्यांना उठवत नव्हतं. सगळी गल्ली त्यांच्या घरी जमली आणि त्यांचे वर्षाचे पापड करून आली. त्या खाटेवर पडून कोणाचा जाड झाला, कोणाचा फाटला ते सांगत होत्या. पावसाळ्याआधीच त्या गेल्या. त्यांचं सगळ्यांकडे जायचं राहून गेलं, आणि ते आपण फेडायचं असं झांबऱ्यांनी यंदा ठरवलं होतं. पहिल्या घरी म्हणे बायकांनी पदर सावरले, कुणी तोंड उघडेना. तिसऱ्या घरी ते पुरुष आहेत हे विसरून सगळ्या खुशाल सासवांवर बोलायला लागल्या.

निर्मलाताईंच्या त्या बैठकीला मीही गेले होते, पण पापडांसाठी नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. वडिलांचं होतं, आता माझं. निर्मलाताईंचा दुरुस्त केलेला चष्मा द्यायला गेले, तर त्यांनी हात धरून खाली बसवलं. अर्धा तास बसले, थोडे वेडेवाकडे पापड लाटले आणि दुकानाचं निमित्त करून पळाले. दारात उभ्या उभ्या मी झांबऱ्यांना हेच सांगितलं, की एवढ्याशाचं काय घेऊन बसलात, मी सोडून दिलं.

"तिचं राहिलेलं तुम्ही कसं सोडणार?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही, पण जागचे हललेही नाहीत. "मे अखेर मी नागपूरला चाललो. बदली मागितली होती, ती मिळाली. त्याच्या आत सगळ्यांकडचं उरकायचंय. तुम्ही फक्त दिवस सांगा."

ते मालगाडी चालवायचे. मालगाडीवाल्याला थांबायची सवय असते. मागून एक्स्प्रेस येतेय म्हटलं की बाजूच्या रुळावर मुकाट उभं राहायचं. माझ्या दारात हा माणूस दुपारपर्यंत उभा राहू शकतो हे मला स्पष्ट दिसलं. समोरच्या गच्चीवर कमलकाकू चौधरी कपडे वाळत घालता घालता थांबल्या होत्या आणि एकच टॉवेल पुन्हा पुन्हा झटकत होत्या. मी घाईघाईने रविवार सांगितला. किलोभर उडीद, सकाळभराचं काम, एकदाची ब्याद टळेल.

माझ्याविषयीही थोडं सांगायला हवं. मी हेमांगी बऱ्हाटे, तेव्हा चाळिशी ओलांडलेली. नाशिकला संसार केला, तो मोडला, माहेरी परत आले. आई-वडील गेले तरी त्याच घरात एकटी राहिले. कुणाकडे जायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही. बारशाचा निरोप आला की मला सर्दी व्हायची आणि डोहाळजेवणाचा आला की पाठ धरायची. गल्लीत माझं नाव 'कुलूप' पडलं होतं हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर राग आला, पण नाव चुकीचं आहे असंही म्हणता येईना.

रविवारी झांबरे सांगितल्या वेळी आले. पीठ मी आदल्या दिवशीच भिजवून ठेवलं होतं आणि त्याचा मला चांगलाच अभिमान वाटत होता. त्यांनी झाकण काढलं, बोटाने दाबून पाहिलं. बोट आत गेलं ते गेलंच.

"हे पोळ्यांचं आहे का?"

"पापडांचंच आहे," मी ठसक्यात म्हटलं.

झालं असं होतं की उडदाचं पीठ मी कणकेसारखं मऊसूत मळलं होतं. पापडाचं पीठ घट्ट भिजवायचं, मग तेलाचा हात लावून मुसळाने कुटत कुटत त्याला मऊ आणायचं. हे मला आईने दहा वेळा दाखवलं होतं, पण इतक्या वर्षांत हात विसरले होते. झांबरे हसले नाहीत. हसले असते तर मी त्यांना तिथूनच परत पाठवलं असतं आणि ही गोष्ट इथेच संपली असती. त्यांनी कोरडं पीठ किती उरलंय ते विचारलं. वाटीभर होतं. ते त्यात घातलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि मुसळ हातात घेतलं.

मुसळ वाजलं आणि घात झाला. उन्हाळ्यात त्या आवाजाला आमच्या गल्लीचे कान लागलेले असतात. माझ्या घरातून मिक्सरपलीकडे कसला आवाज गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बघता बघता दारात कमलकाकू उभ्या, हातात पिठाचा डबा. त्यांच्यामागे शोभा, शोभाच्या मागे तिची जाऊ, आणि मग पायरीपासून फाटकापर्यंत बायकाच बायका, प्रत्येकीच्या काखेत पोळपाट.

कमलकाकू म्हणजे आमच्या गल्लीच्या बिनपगारी कलेक्टर. सत्तरीला टेकल्या होत्या, पण त्यांच्या परवानगीशिवाय गल्लीत मांजर व्यायचं नाही. त्यांनी माझ्या पिठात हात घातला आणि डोळे मिटले.

"काय माय, यात तर म्हैस लोळेल," त्या म्हणाल्या.

सैल पीठ घट्ट करायचं तर वरून कोरडं पीठ घालत जायचं, दुसरा इलाज नाही. त्यांनी आपला डबा रिकामा केला, शोभाने तिचा आणला, आणि माझं किलोभर पीठ परातीतून बाहेर यायला लागलं. एवढं पीठ आम्ही दोघं लाटत बसलो असतो तर दिवाळी आली असती. मी दोनदा म्हटलं की मी कुणाला बोलावलं नव्हतं हो. पापडाला बोलावून कोण येतं, असं म्हणून कमलकाकू माझ्या बैठकीच्या खोलीत मधोमध बसल्या. सोफा भिंतीला गेला. माझ्या कपाटातल्या साड्या जमिनीवर अंथरल्या गेल्या, आणि चांगली कुठली, जुनी कुठली हे मला कुणी विचारलं नाही.

माझ्या पापडांना गोल सोडून सगळे आकार येत होते. झांबऱ्यांचे मात्र पातळ आणि एकसारखे. निर्मलाताईंनी शेवटच्या उन्हाळ्यात खाटेवरून त्यांनाही शिकवलं होतं म्हणे. मी एक पापड लाटून टाकला की ते तो हळूच उचलायचे आणि पार मागे, खिडकीखाली नेऊन ठेवायचे. दोन-तीनदा झाल्यावर मी म्हटलं, मला दिसतंय बरं का. तिकडे वारा चांगला लागतो, असं ते पापडावरची नजर न काढता म्हणाले.

जाताना कमलकाकू पायरीवर थांबल्या. उद्या शोभाच्या जावेकडे, परवा माझ्या लेकीकडे, शोभाकडे पार मे महिन्यात, असं सांगून मला म्हणाल्या की सकाळी आठला ये, दुकान अकराला उघडतेस, मला माहीत आहे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या सगळ्या माझ्याकडे लाटून गेल्या होत्या. आता मला सगळ्यांकडे जाणं भाग होतं. झांबरे पोळपाट पुसत उभे होते. निर्मलाताईंचं एक जाणं फेडायला आले आणि मला गल्लीभराचं लावून चालले. मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की चहाही विचारला नाही.

आणि मग मी गेले. रोज गेले. पहिल्या दिवशी तोंड शिवून, दुसऱ्या दिवशी थोडी बोलत, आठवड्याने शोभाच्या जावेशी तिखट जास्त पडलं की कमी यावर भांडले. ज्या घरी मी, त्या घरी झांबरे असायचेच, कारण त्यांचीही ती घरं राहिली होती. रात्रभर गाडी चालवून तसेच यायचे, डोळे तांबारलेले, पण शर्ट इस्त्रीचा. खंडव्याकडची फेरी असली की येताना बुऱ्हाणपूरची मावा जिलबी आणायचे. पुडा सगळ्यांत फिरायचा आणि का कोण जाणे, माझ्याकडे आला की त्यात नेमकी मोठी जिलबी उरलेली असायची. मी एकदा ती शोभाला दिली तर तिने परत माझ्याच ताटलीत ठेवली.

सगळ्या त्यांना झांबरेभाऊ म्हणायच्या. मी काहीच म्हणायची नाही. अहो, ऐका, ते लाटणं द्या जरा, एवढ्यावर भागायचं. एक दिवस कमलकाकू लाट्या कापता कापता, पिठाच्या लांब वळीवरून दोरा ओढत म्हणाल्या, "तू याला भाऊ म्हणत नाहीस, बरं का." मी म्हटलं, सवय नाही. त्यांनी पुढची लाटी कापली आणि विषय बदलला.

शोभाकडचे पापड वाळत होते तेव्हा गच्चीवर राखण करायचं काम आम्हा दोघांकडे आलं. कबुतरं फार माजली होती. कमलकाकूंनी माझ्या हातात काठी दिली, झांबऱ्यांच्या हातात छत्री, आणि बाकीच्या सगळ्या एकाएकी खाली गेल्या. बसून बसून काय बोलायचं, म्हणून मी विचारलं की एवढी चांगली भुसावळची गाडी सोडून नागपूर कशाला.

"ड्यूटीवरून कधीही घरी येतो," ते म्हणाले. "पहाटे, भर दुपारी, कधीही. अजून बूट फाटकाशीच काढतो, तिची झोप मोडू नये म्हणून. आत गेल्यावर आठवतं. नागपूरला निदान फाटक तरी वेगळं असेल."

मग मी जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. नाशिकला आमच्या बिल्डिंगमध्येही असेच पापड व्हायचे. एकदा मला जायला उशीर झाला. जिन्यात हसणं ऐकू येत होतं. मी आत पाऊल टाकलं आणि सगळ्या गप्प झाल्या. सगळ्यांची लाटणी चालू, पण वर कुणी बघेना. शेवटी एका म्हाताऱ्या बाईंना माझी दया आली आणि त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, की माझ्या नवऱ्याचं गंगापूर रोडला दुसरं घर आहे. बिल्डिंगला माहीत होतं, वॉचमनला माहीत होतं, इस्त्रीवाल्याला माहीत होतं. गोष्ट माझ्या घरातली आणि कळली मला सगळ्यांत शेवटी. तेव्हापासून चार बायका एकत्र बसलेल्या दिसल्या की वाटायचं, यांना काहीतरी माहीत आहे आणि मला नाही.

झांबरे जाऊ द्या म्हणाले नाहीत, विसरा म्हणाले नाहीत. छत्रीने एक कबुतर हाकललं. मग विचारलं, "आणि पोळपाट?"

"कुठलं पोळपाट?"

"त्या दिवशी तुम्ही नेलेलं."

मी आठवून पाहिलं. "तिथेच राहिलं. मी तशीच उठून आले."

"म्हणजे नवऱ्यासोबत पोळपाटही गेलं," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "नवऱ्याचं एक वेळ ठीक आहे."

मी हसले. त्या दिवसाच्या आठवणीवर मी कधी हसेन असं मला सात जन्मांत वाटलं नसतं. खाली पापड लाटणाऱ्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हसले. कबुतरांनी तेवढ्यात दोन पापड पळवले आणि शोभाने वर येऊन आम्हा दोघांना बोल लावले.

त्या दिवशी घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःला सरळ विचारलं, हेमांगी, हे काय चाललंय. उत्तर मला माहीत होतं. मला तो माणूस आवडायला लागला होता. सकाळी आठ कधी वाजतात याची मी वाट बघत होते. आणि मे महिना निम्मा सरला होता. तो नागपूरला जाणार, मी पुन्हा बचत गटाचे पापड आणणार. बरंच आहे, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याशी तुसडेपणाने वागायला लागले. जिलबी नको म्हटलं. त्यांनी माझा पापड उचलला तर हातातून काढून घेतला. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. माझ्या त्या वागण्याची मला इतकी चीड यायची की दुकानात एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा बांधून दिला.

शेवटची बैठक कमलकाकूंकडे होती. त्याच आठवड्यात झांबऱ्यांना नागपूरला हजर व्हायचं होतं, तशी ऑर्डर हातात आलेली. सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणी फारसं बोलत नव्हतं. पीठ मात्र भरपूर होतं आणि कमलकाकूंच्या हाताने झणझणीत झालं होतं. मी झांबऱ्यांच्या समोर बसले होते आणि त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. या घरचं पीठ संपलं की संपलं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

मध्येच शोभाला माहेरून फोन आला. तिचे वडील स्टेशनवर उतरले होते, आणायला जायचं होतं. ती पोळपाट भिंतीला लावून उठली.

"जा," कमलकाकू म्हणाल्या. "पण ही बैठक धरायची नाही हं. अर्ध्यावर उठली की बैठक नाही."

शोभा हसत हसत गेली. मी आणखी एक लाटी घेतली, पोळपाटावर ठेवली आणि माझा हात तिथेच थांबला.

"काकू," मी विचारलं, "अर्ध्यावर उठलं तर धरतच नाहीत?"

"मुळीच नाही. पीठ संपेपर्यंत बसेल तिचीच बैठक. पहिल्यापासून तसंच आहे."

"निर्मलाताईसुद्धा तसंच धरायच्या?"

"ती तर माझ्याहून कडक. पाच मिनिटं आधी उठलेलीचंही धरायची नाही."

मी निर्मलाताईंकडे अर्धा तास बसून पळाले होते. म्हणजे त्यांचं माझ्याकडे काहीच राहिलं नव्हतं. मला रीत माहीत नव्हती, कारण मी कधी त्यांच्यात बसलेच नव्हते. पण ज्यांना खुद्द निर्मलाताईंनी शिकवलं होतं त्यांना माहीत असणारच. मी समोर पाहिलं. झांबरे खाली मान घालून लाटत होते. त्यांच्या पोळपाटावरचा पापड मध्ये फाटला होता, तरी ते त्याच्यावरून लाटणं फिरवत होते. कान लालबुंद झाले होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"मग माझ्याकडे का आलात?"

खोलीतली लाटणी एकेक करून थांबली. झांबऱ्यांनी फाटलेला पापड गोळा करून पुन्हा त्याची लाटी केली. त्याला बराच वेळ लागला.

"बाकी सगळ्यांकडचं निर्मलाचं खरंच राहिलं होतं," ते म्हणाले. "तुमच्याकडे मी माझा आलो होतो."

त्यांनी ती लाटी बाजूला ठेवली.

"ती गेल्यावर तिचा चष्मा घेऊन मी दुकानात आलो होतो. कुणा गरजूला द्या म्हणून. तुम्ही काही बोलला नाहीत. काच पुसली, दांडी जरा सैल होती ती आवळली, डबीत घातला, मग बाजूला ठेवला. घालणारी नव्हती, तरी तुम्ही तो तिचाच असल्यासारखा नीट केलात. तेव्हापासून तुमच्याकडे यायचं मनात होतं. दार वाजवायचा धीर होईना. म्हटलं, इथून जावंच. बदली मागितली. ती मंजूर झाली, आता जायचंच आहे म्हटल्यावर कुठे धीर आला. आणि यायला निमित्त दुसरं सुचलं नाही."

एवढं सलग बोलताना त्यांना कुणी कधी ऐकलं नव्हतं. मी आजूबाजूला पाहिलं. गल्लीतल्या सगळ्या बायका, कुणाचा हात हवेत, कुणाच्या मांडीवर पीठ सांडलेलं, आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. उठावं, पोळपाट इथेच टाकावं आणि घरी जाऊन कडी लावावी, असं अगदी मनापासून वाटलं. मला माहीत होतं की मी उठले तर हा माणूस मागे यायचा नाही. तो थांबेल, मी येत नाही असं दिसल्यावर गाडीत बसेल आणि नागपूरला जाईल.

"बदली रद्द करता येते का?" मी विचारलं.

"मीच मागितलेली आहे. उद्यापर्यंत अर्ज मागे घेता येतो."

"मग घ्या मागे," मी म्हटलं. "जाऊ नका. मला तुम्ही इथे हवे आहात."

झांबऱ्यांनी मान वर केली. मग त्यांचं लक्ष बाकीच्यांकडे गेलं आणि ते माझ्यासाठी घाबरले. तसं त्यांच्या तोंडावर दिसलंच. ते हलक्या आवाजात म्हणाले, "घाईने सांगू नका. घरी जाऊन विचार करा. इथे सगळ्या बसल्यात."

"बसू देत," मी म्हटलं. "मला लपवायचं नाही. निदान या वेळी गल्लीच्या आधी मला कळलंय."

"तुझ्या आधी?" कमलकाकू म्हणाल्या.

त्यांनी शोभाच्या जावेकडे पाहिलं, जावेने काकूंच्या लेकीकडे पाहिलं, आणि एकेकीने पदर तोंडाला लावायला सुरुवात केली.

"अगं, सकाळी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हा तुझ्या दारात उभा राहिला तेव्हाच आम्हाला कळलं," काकू म्हणाल्या. "तुझ्याकडे मुसळ वाजलं तर गल्ली काय उगाच धावली? दोघं मिळून किलोभर लाटून मोकळे झाला असतात, पुन्हा तू कुलूपच. एकदा आम्ही सगळ्या तुझ्याकडे बसलो की तुला सगळ्यांकडे यावंच लागणार होतं. नाहीतर माझं उडदाचं पीठ काय मला जड झालं होतं?"

मग जे हसणं सुरू झालं ते काही केल्या थांबेना. गच्चीवर आम्हा दोघांना पाठवणं, मोठी जिलबी पुड्यात राखणं, सगळं एकेक बाहेर यायला लागलं. म्हणजे पुन्हा तेच. गोष्ट माझी, गल्लीला माहीत, आणि मला सगळ्यांत शेवटी. मी रागवायचं ठरवलं, पण तोंड उघडलं तर हसूच बाहेर पडलं आणि त्याच्यामागून रडू. दोन्ही एकदम आलं. मी डोळे पुसायला हात वर नेला.

"हाताला तिखट आहे गं," कमलकाकू ओरडल्या.

तोवर हात डोळ्यांना लागला होता. मग मला काही दिसेना. कुणी म्हणे तूप लावा, कुणी म्हणे दूध घाला, कुणी नुसतंच अगंबाई अगंबाई करत होतं. पीठ अजून निम्मं बाकी होतं. तरी झांबरे उठले. हात स्वच्छ धुतले, पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यासमोर बसले, एका हाताने माझी हनुवटी वर धरली आणि डोळ्यांवर हळूहळू पाणी मारायला लागले. बैठक मोडली, असं त्यांना कुणीही म्हणालं नाही.